गॅस एसीचा नव्हता

दार उघडेना. आतून कडी, आणि आत माझी परी. मी बाहेरून "परी, ए परी, कडी काढ गं बाळा" करून ओरडतेय आणि आतून नुसतं नळाचं पाणी वाजतंय. तिला न्हाऊ घालणाऱ्या त्या घरच्या आजींना हाका मारल्या, आजी, अहो आजी, कोण ओ देत नाही. मग मी लाथ मारली. हल्ली बाथरूमची दारं प्लास्टिकची असतात, पातळ, तेच माझं नशीब. खालचा भाग फाटला, हात आत घालून कडी काढली. आजी स्टुलावर भिंतीला टेकलेल्या, मान छातीवर, आणि परी त्यांच्या पायाशी, अंगाला साबण तसाच, डोळे अर्धे उघडे. गिझर चालूच होता. माझ्या डोक्यात एकच शब्द आला. गॅस. मी सोडलेला गॅस.

कारण पाच-दहा मिनिटांपूर्वी मीच त्या घरातल्या नव्या एसीचा व्हॉल्व उघडलेला ना. मला वाटलं पाइपाचा जॉइंट सुटला, गॅस आजींच्या खोलीत पसरला, आणि मी माझ्याच हाताने माझी पोरगी मारली.

परीला उचलून पहिली हॉलच्या खिडकीत नेली. मग आजींना ओढलं. त्या अंगाने जड, आणि मी ही अशी काडी, कशी ओढली ते मला आज पण सांगता येणार नाही. बाल्कनीतून खाली वॉचमनला बोंबलून बोलावलं. परीने उलटी केली आणि रडायला लागली. आईला लेकरू रडलेलं नको असतं, मी त्या दिवशी देवाला हात जोडले की रडतेय ती.

आता नीट सांगते, नाहीतर तुम्हाला काय कळायचं नाही.

मी एसीचं काम करते. बाई असून, हो. प्रत्येक घरात दार उघडलं की माझ्या मागे बघतात, मेकॅनिक कुठेय म्हणून. मी बोलते मीच मेकॅनिक, तर बोलतात नाही नाही, मोठा कोण? माझं शिक्षण नववी नापास. नवरा संतोष एसीत होता, लग्नानंतर मी त्याच्यासोबत हेल्पर म्हणून जायला लागले, कारण बेडरूममध्ये बाई असली की मॅडम लोकांना बरं वाटतं. बघून बघून शिकले. नंतर आमच्या दुकानाच्या मालकांनी, आम्ही त्यांना भाऊच बोलतो, मला एकटीला पाठवायला सुरुवात केली. घाटकोपर, मुलुंड, कधी अंधेरी. राहायला आम्ही घाटकोपरला, वर डोंगरावर.

लोकांना वाटतं एसी म्हणजे थंड हवा सोडणारी पेटी. तसं नाही. एसी दोन कामं करतो, खोलीतली गरमी बाहेर टाकतो आणि हवेतलं पाणी काढतो. आपल्या मुंबईत दुसरं कामच मोठं. त्या पाण्याची नळी बाहेर टपटपते ना, ते तुमच्या खोलीतल्या हवेतलं पाणी. लोक काय करतात, एवढ्याशा खोलीला ढोल्या एसी घेतात. तो दोन मिनिटांत खोली गार करतो आणि बंद पडतो. पाणी काढायला वेळच मिळत नाही त्याला. मग खोली थंड पण चिकचिकीत, गादी ओलसर, कपाटातल्या साड्यांना वास. आणि गिऱ्हाईक बोलणार काय? "गॅस कमी झालाय, भरून टाक." एसीत काही झालं की गॅस. अंधेरीला एक काका होते, रिमोटमधले सेल संपलेले तरी बोलत होते गॅस गेला. मी सेल बदलले, एसी चालू झाला, तर बोलतात, "पण थोडा गॅस मारूनच जा." खारदांड्याला एक म्हातारी होती, समुद्राच्या खाऱ्या हवेने तिच्या एसीची जाळी पार कुरतडलेली, ती मला बोलली, "गॅसच खाल्ला मेल्याने." मला हसायला यायचं तेव्हा. आता नाही येत.

मुलुंडच्या त्या घरात तक्रार हीच होती. हॉल गारच होत नाही, आणि आजींच्या खोलीत स्वेटर घालावा अशी थंडी तरी कोंदट, भिंतीला काळी बुरशी, आजींना खोकला. आजी म्हणजे मिलिंद सरांची आई. मिलिंद सर त्या सोसायटीचे सेक्रेटरी, आमच्या दुकानाचं सगळं काम त्यांच्यामुळेच त्या विंगमध्ये. मी बघितलं तर आजींच्या लहान खोलीला दोन टनाचा एसी लावलेला. मी बोलले सर, हा हॉलला जाऊ दे, इथे लहान इन्व्हर्टर एसी लावू, तो हळूहळू चालत राहील, पाणी ओढेल. सर तयार झाले. आदल्या दिवशी मी आणि संतोषने फिटिंग केलं. दुसऱ्या दिवशी पाइपातली हवा खेचून गॅस सोडायचा, तेवढं एका माणसाचं काम. संतोष बोरिवलीला दुसऱ्या कामावर होता.

गणपती तोंडावर आलेले. सासू गावी गेलेली, घर झाडायला, सारवायला. शेजारणीकडे ताप. मग परीला घेऊन गेले. नाही तर काय करणार होते? कामावर पोरगी का आणली असं मला नंतर चार जणांनी विचारलं. त्यांच्या घरी पोरं सांभाळायला आजी आहेत, बाई आहे, पाळणाघर आहे.

सरांच्या घरी आजी एकट्याच होत्या, सर आणि मॅडम ऑफिसला. आजी बोलल्या, "अगं किती घामाघूम झालीय ही, ये गं, तुला मस्त गरम पाण्याने न्हाऊ घालते. माझ्या नातवंडांना मीच घालायचे, आता ती अमेरिकेत शॉवर घेतात." मला बोलल्या, "तू तुझं काम कर, कविता. आईच्या हाताला सुट्टी." आजींच्या खोलीतलंच बाथरूम. पाइपच्या गॅसवरचा गिझर, उघडला की लगेच कडक पाणी. मी स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत. हवा खेचायचा पंप घों घों करतो, त्यात मला काही ऐकू येत नव्हतं. पंप बंद केला, व्हॉल्व उघडला, साबणाचा फेस लावून जॉइंट बघितले, एक बुडबुडा नाही. आणि मग मला लक्षात आलं की घरात आवाजच नाही. परी असलेल्या घरात आवाज नाही, असं कधी होतं का?

पुढचं सांगितलंय.

हॉस्पिटलमध्ये परीच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, तिच्या तोंडापेक्षा मोठा. आजी आत आयसीयूत. मिलिंद सर धावत आले, टाय तसाच. मी त्यांच्या पायाशीच बसले, बोलले सर, माझ्याकडून झालं, गॅस सुटला असणार. डॉक्टर एक तरुण मुलगी होती, ती बोलली, "थांबा. कसला गॅस? बाथरूममध्ये गिझर कसला आहे?" मी बोलले पाइपच्या गॅसचा. "खिडकी?" मी बोलले आहे ना, काचेच्या पट्ट्यांची. "उघडी होती?"

आणि तेव्हा मला डोळ्यांसमोर दिसलं. काचेच्या पट्ट्यांवर आतून पांढरी ॲक्रिलिकची शीट, चारी बाजूंनी सिलिकॉनने घट्ट. हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं भोक पण त्याच शीटखाली. आदल्या दिवशी हात धुवायला गेले तेव्हा बघितलेली, छान सफाईने केलंय असं मनात बोलले पण.

डॉक्टर बोलली, गॅसचा गिझर जळताना खोलीतली हवा खातो. हवा यायला वाट नसली की तो नीट जळत नाही आणि एक विषारी वायू सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला वाटतं गरम पाण्याने सुस्ती आली, आणि तिथेच बसतो. "एसीचा काही संबंध नाही," ती बोलली. हे वाक्य मी ऐकलं. मिलिंद सरांनी पण ऐकलं, ते माझ्यापासून दोन हात लांब उभे होते. त्यांनी मान हलवली. मी रडले, किती रडले, पण सुटल्यासारखी रडले. मला वाटलं झालं, कळलं सगळ्यांना.

परीला घरी सोडलं. आजी वाचल्या, पण त्यांना घरी यायला बराच वेळ लागला.

तोवर इकडे काय झालं ऐका. भाऊंनी दुकानात बोलावलं आणि मोबाइल पुढे धरला. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. एसी टेक्निशियनच्या निष्काळजीपणामुळे गॅस गळती, एक ज्येष्ठ महिला गंभीर, सदर महिला टेक्निशियनला गेटमध्ये प्रवेश देऊ नये. खाली सेक्रेटरी म्हणून मिलिंद सरांचं नाव.

मी बोलले, "भाऊ, डॉक्टर त्यांच्यासमोर बोलली!"

भाऊ बोलले, "मला माहितेय."

"मग?"

"मग काय? ती शीट कोणी लावली माहितेय का तुला? त्यांनीच. पूर्ण विंगला. सुतार त्यांनीच आणला, गेल्या महिन्यातच सगळ्या फ्लॅटला एकदम लावून घेतलं. कबुतरं येतात, डास येतात, एसीची थंडी जाते. आता ते कसे बोलतील की मीच सगळ्यांच्या घरात हे करून ठेवलं?"

मला सरांचा राग नंतर आला, आधी डोळ्यांसमोर आला तो आकडाच. पूर्ण विंग. प्रत्येक मजल्यावर चार घरं, प्रत्येक घरात तेच बाथरूम, तोच गिझर, तीच शीट. आणि ग्रुपवर सगळ्यांना सांगितलंय की दोष एसीचा होता, म्हणजे त्यांनी एसी बंद ठेवले असतील आणि गिझर मस्त चालू.

सरांना फोन केला. त्यांनी उचलला, मी बोलले सर, माझं नाव घ्या, काय घ्यायचं ते घ्या, पण लोकांना शीट काढायला सांगा. ते बोलले, "कविता, माझी आई अजून हॉस्पिटलमध्ये आहे. आत्ता हा विषय नको." आणि नंबर ब्लॉक. बरं, आई आहे ती. मला पण कळतं. पण ज्याची आई आत आहे त्याने तर बोंबलून सांगायला पाहिजे ना यार?

मी गेटवर गेले. वॉचमन आमच्याच बाजूचा, मालवणचा, त्या दिवशी त्यानेच आजींना उचलून रिक्षात घातलेलं. मान खाली घालून बोलला, "बाये, तुका आत सोडूचा नाय म्हणान ऑर्डर हा. माझ्या नोकरेचो प्रश्न गो."

मग सर्व्हिसच्या गिऱ्हाइकांचे नंबर होते माझ्याकडे, एकेकीला फोन लावले. बऱ्याच जणींनी माझा आवाज ऐकूनच कट केला. चौथ्या मजल्यावरच्या एका ताईने ऐकून घेतलं. तिला पण परीएवढी मुलगी.

मी बोलले, "ताई, एसीचं सोडा. बाथरूमच्या खिडकीची शीट काढा, आजच."

"अगं पण सेक्रेटरी बोलले एसीचा गॅस होता."

"डॉक्टरला विचारा ताई."

"आणि शीट काढली की कबुतरं येतात गं. शीट लावायच्या आधी गिझरवर अंडी घातली होती."

"ताई, अंडी परवडली!"

"बघते," ती बोलली, आणि मला आवाजावरून कळलं, ही काही बघत नाही.

रात्री संतोष बोलला, "सोड ना. आपली पोरगी वाचली ना?"

मी बोलले, "म्हणून गप्प बसू?"

"तू काय केलंस त्यांचं वाईट? त्यांनीच तुझी वाट लावली. मरू दे."

"त्यांच्या पोरींनी कोणाची वाट लावली रे?"

परी मध्ये झोपलेली. मी तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघत होते. रोज बघायचे.

गणपती होऊन गेले आणि भाऊंनी परत बोलावलं. दार लावून घेतलं. बोलले, "सोसायटीची मीटिंग आहे. सर बोललेत, तू येऊन एकदा माफी माग, जॉइंट लूज राहिला बोल, विषय संपला. मग पूर्ण विंगचं सर्व्हिसचं काम परत आपल्याला."

माझ्या अंगाची आग झाली. मी बोलले, "मी नाही. माझ्या जॉइंटला एक बुडबुडा नव्हता भाऊ. माझ्याच पोरीला मीच मारायला निघालेले, असं मी चार लोकांत बोलू?"

भाऊ चहा ढवळत बोलले, "मग खरं बोल. बोलून तू कोणाच्या घरात शिरणार आहेस? गेटवर तरी सोडतायत का तुला?"

हे ते धंद्यासाठी बोलले, मला माहितेय. पण माझ्या डोक्यात ते रुतलं. खरं धरून मी गेटबाहेर. खोटं बोलले तर प्रत्येक घरात, प्रत्येक बाथरूमपर्यंत.

मीटिंगला गेले. सोसायटीचं ऑफिस, प्लास्टिकच्या खुर्च्या, मी उभी. मिलिंद सर टेबलामागे. मी बोलले, "चूक माझी होती. जॉइंट लूज राहिला. माफ करा." एवढंच. मागून एक काका बोलले, "बायकांना असली कामं द्यायचीच कशाला?" दोन-तीन जण हसले. सर वर पंख्याकडे बघत होते, जसं काय पंख्यात बिघाड आहे. मग बोलले, "झालं ते झालं, माणूस आहे, चुका होतात." मला माफ केलं त्यांनी! सगळ्यांसमोर, मोठ्या मनाने!

दुसऱ्या दिवसापासून सर्व्हिस सुरू. पहिलं घर सरांचंच. आजी आलेल्या घरी, खोलीत खुर्चीवर बसलेल्या, नवा एसी हळू चाललेला, भिंत सुकलेली, काळं गेलेलं. काम चोख झालेलं माझं. मी पाया पडले तर आजी बोलल्या, "कोण गं तू? केर काढायला आलीस का?" मी बोलले आजी, मी कविता, परीची आई. त्या हसल्या, गोड, पण ओळख नव्हती. त्यांच्या मेंदूला तेवढा वेळ हवा कमी पडलेली. त्या एकट्याच होत्या ज्या माझ्या बाजूने बोलल्या असत्या.

मग मी बाथरूममध्ये गेले. खिडकी उघडी होती. शीट नव्हती. काचेच्या पट्ट्या मोकळ्या, बाहेरून नवी कोरी तारेची जाळी कबुतरांसाठी, पंख्याचं भोक साफ. गॅसचा गिझर काढून विजेचा लावलेला. कामाला येणारी मावशी भांडी घासत होती, तिला विचारलं हे कधी केलं. "आजी हॉस्पिटलात होत्या ना तेव्हाच. साहेबांनी स्वतः उभं राहून करून घेतलं."

म्हणजे मी फोन करून गयावया करत होते तेव्हा यांची खिडकी उघडी होती. मला मीटिंगमध्ये उभी केली तेव्हा यांची खिडकी उघडी होती. फक्त स्वतःची. खालच्या, वरच्या, बाजूच्या घरात लोक न्हात होते दारं लावून, आणि हा माणूस गप्प. असं वाटलं तिथल्या तिथे एसी उतरवून घेऊन जावा.

नाही नेला. जाळी बघून घेतली, तसलीच आणली. मग प्रत्येक घरात एसी साफ केला की मी बोलायचे, "मॅडम, या शीटने कूलिंग मार खातं, हवा खेळायला पाहिजे, मी जाळी लावून देते, कबुतर येणार नाही." हे पण खोटंच. पण कूलिंग बोललं की लोक लगेच तयार. जीव बोलले तेव्हा कोणी ऐकलं नाही, कूलिंग बोलले तर "अगंबाई, मग काढ ना लवकर!" चौथ्या मजल्यावरच्या ताईने तर मला सरबत दिलं, आणि मुलीला बोलली, "आंटीच्या पिशवीला हात नको लावू हं, त्यात गॅस असतो."

जी घरं सर्व्हिस करून घेतात तेवढी झाली. काही कुलूप लावून आहेत, काहींनी दारच उघडलं नाही, गॅसवाली बाई नको म्हणून. एका घरात पुढच्या वेळी गेले तर जाळीवर परत शीट मारलेली, डास येतात म्हणून.

आणि त्याच आवारात समोर बी विंग आहे. त्याच सुताराने तिथे पण शीटा लावल्यात, खालून दिसतात, एकसारख्या पांढऱ्या. तिथलं काम दुसऱ्या दुकानाकडे, मला आत जायचं काही कारण नाही. परवा खाली उभी राहून मी एका बाईला थांबवलं आणि सगळं खरं सांगितलं, गिझर, शीट, डॉक्टर, सगळं. ती माझ्याकडे निरखून बघत बोलली, "तुम्ही त्याच ना? तुम्ही तर स्वतः मीटिंगमध्ये कबूल केलंत की गॅस एसीचा होता."

थंडी आता सुरू होईल, लोक जास्त वेळ गरम पाणी सोडतील. मी खोटं बोलले म्हणून एका विंगच्या खिडक्या उघडल्या. मी खोटं बोलले म्हणूनच दुसऱ्या विंगच्या बंद राहिल्यात. संतोष बोलतो तू जमेल तेवढं केलंस. भाऊ बोलतात आता तरी गप्प बस. मला रागाने झोप लागत नाही, आणि राग सरांवर आहे, लोकांवर आहे, का त्या मीटिंगमध्ये उभ्या असलेल्या माझ्यावर, तेच कळत नाही.

तुम्ही शिकलेली माणसं आहात, तुमच्या घरात पण बाथरूम आहे, खिडकी आहे, तुम्हीच सांगा. गेटबाहेर उभं राहून खरं बोलत बसला असता, का आत शिरायला खोटं बोलला असता? माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?